दीडपट वेगाने पाहिलेला ‘एलियन’: माणसं आधी की धावपळ आधी?

तळ्याकाठचा | रविवार, सकाळी १०.१२

(सूचना: धाग्यात बऱ्याच पिक्चरचे शेवट फुटणार आहेत. न पाहिलेल्यांनी इथूनच परत फिरावं.)

काल भाचा राहायला आला होता. बारावी सायन्स, घणसोलीला असतो. बहिणीने ‘जरा अभ्यासाला बसव’ म्हणून ठाण्याला धाडला आणि मी १९७९ चा ‘एलियन’ लावला. मुली झोपल्या होत्या, दिवे मालवले, आवाज बेताचा ठेवला. पंधरा-वीस मिनिटांनी भजी तळायला उठलो. परत येऊन बघतो तर पडद्यावरचे सगळे लगबगीने चालतायत, भरभर बोलतायत, जणू सगळ्यांना ठाणे-वाशी लोकल गाठायची आहे. मला वाटलं टीव्ही बिघडला. भाच्याने वेग दीडपट केला होता.

“मामा, अजून काही झालंच नाहीये. नुसते जेवतात आणि बोनसवर भांडतात.”

रिमोट काढून घेतला, मामेगिरी केली, पिक्चर नीट वेगाने संपवला. त्याला आवडलाही. पण झोपताना म्हणाला, “पहिला पाऊण तास पाच मिनिटांत झाला असता.” त्यावर मी जे काही बोललो ते मलाच धड पटलं नाही, म्हणून इथे आलोय.

माझं म्हणणं असं की तो पाऊण तास म्हणजेच पिक्चर. मालवाहू यान, मागे खनिजाचा अख्खा कारखाना ओढत घरी निघालेलं. सात माणसं. उठतात, सिगारेट पेटवतात, कॉफी पितात. खाली इंजिनाकडचे पार्कर आणि ब्रेट यांना बोनसचा वाटा कमी, आणि ते संधी मिळेल तेव्हा तेच उगाळतात. दिवाळीच्या आधी आमच्या ऑफिसात हेच चालतं. पुढे त्यांच्यातल्याच केनच्या छातीतून परक्या प्राण्याचं पिल्लू फुटून येतं ते याच जेवणाच्या टेबलावर. मला ते आमच्या कँटीनमध्ये आल्यासारखं वाटतं, म्हणून पोटात गोळा येतो. हाच प्राणी पाचव्या मिनिटाला आला असता तर मी भजी खात खात बघितला असता.

की हे आपलं वय बोलतंय?

पिस्टन | रविवार, सकाळी १०.४०

वय बोलतंय. भाच्याला माझ्याकडे पाठवा.

याचाच दुसरा भाग ‘एलियन्स’, १९८६, जेम्स कॅमेरॉन. विषय संपला. वर्तकनगरला चाळीत व्हीसीआर भाड्याने आणून एका रात्रीत तीन पिक्चर बघायचो, त्यात हा तिसरा लागला होता. पहाटे तीनला अख्खी खोली टक्क जागी! हॉरर म्हणजे छातीत धडधड. कॅरेक्टर बघायचे असतील तर आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला या, चहा फुकट.

तळ्याकाठचा | रविवार, सकाळी ११.०५

पिस्टनराव, घड्याळ लावून परत बघा. ‘एलियन्स’मध्ये सैनिकांची प्राण्यांशी पहिली चकमक व्हायला तासभर जातो. त्या तासात काय काय पेरलंय! लेफ्टनंट गॉर्मनला विचारतात, आजवर किती मोहिमा? अडतीस, पण सरावातल्या. आणि खऱ्या? दोन, त्यातली एक ही. बस्स, पुढे तो गोंधळणार हे तिथेच कळलं. लोडरचंही, म्हणजे त्या माल उचलायच्या यंत्राचंही, तेच. पहिल्या भागातून वाचलेली नायिका रिप्ली गोदीत मालाची चढउतार करून पोट भरतेय हे सुरुवातीला येतं, मग ती यानावर लोडर चालवून दाखवते, आणि शेवटी त्या प्राण्यांच्या राणीशी झुंजायला तेच यंत्र. आधीचं काढून टाका, शेवटची मारामारी हास्यास्पद होईल.

आणि तुम्ही पाहिली ती थेटरातली आवृत्ती असणार. नंतरच्या लांब आवृत्तीत अजून एक प्रसंग आहे. रिप्ली ५७ वर्षं झोपेत होती, तेवढ्यात तिची मुलगी म्हातारी होऊन ६६ व्या वर्षी वारली. ज्या पोरीला ‘तुझ्या अकराव्या वाढदिवसाला येते’ म्हणून आई गेली होती, तिचा म्हातारपणचा फोटो आईच्या हातात येतो. यानंतर ती न्यूट या अनाथ पोरीसाठी जिवावर उदार का होते हे वेगळं सांगावं लागत नाही.

पिस्टन | रविवार, सकाळी ११.१८

बरोबर, मी थेटरातलीच पाहिली. मुलगीबिलगी काही माहीत नव्हतं. तरी न्यूटला आणायला रिप्ली लिफ्टमधून एकटी खाली जाते तेव्हा आमच्या चाळीतले खडूस काकासुद्धा पदराला, सॉरी, रुमालाला डोळे पुसत होते. म्हणजे तो प्रसंग नसूनही काम झालंच की! कापला ते बरं केलं.

तळ्याकाठचा | रविवार, सकाळी ११.२०

हम्म. यावर विचार करून येतो.

दुसरी_घंटा | रविवार, दुपारी १.५२

मी नाटकाच्या लाइटवर असतो. ठाण्याचं गडकरी रंगायतन, वाशीचं भावे नाट्यगृह, दौरे. पिक्चरमधलं फार कळत नाही, पण प्रेक्षक अंधारातून रोज ऐकतो. प्रेक्षक कंटाळला की खोकतो. एकाला आला की पसरतो, पहिल्या रांगेतून बाल्कनीपर्यंत. आणि खोकला नुसत्या संथपणाने येत नाही हे मी शपथेवर सांगतो. पानभर शांतता असलेल्या प्रवेशात सुई पडली तर ऐकू येईल असं थेटर अनुभवलंय, आणि आदळआपट चाललेल्या प्रवेशात खोकल्याची लाट उठलेलीही ऐकलीय. रंगमंचावर कुणाला तरी काहीतरी हवंय आणि ते मिळत नाहीये, एवढं असलं की लोक खोकत नाहीत. पार्करला बोनस हवाय. म्हणून तो पाऊण तास चालतो.

धागाकर्ते, तुमच्या बाजूने एवढं बोलून आता विरोधात बोलतो. जॉन कारपेंटरचा ‘द थिंग’, १९८२. अंटार्क्टिकातल्या तळावर बारा पुरुष, आणि कुणाचंही रूप घेणारा परका प्राणी. कुणाची बायको, कुणाची आई, कोण कुठल्या गावचा, काही कळत नाही. तुम्ही म्हणता तसा ओळखीचा पाऊण तास नाहीच. सुरुवातच हेलिकॉप्टरमधून एका कुत्र्यावर गोळ्या झाडण्याने. नायक मॅकरेडीचं आपल्याला कळतं ते एवढंच की बुद्धिबळात कॉम्प्युटरने हरवल्यावर तो हातातला दारूचा ग्लास मशिनमध्ये ओततो. पण त्यात सगळं आलं. हा हरायची वेळ आली तर डाव उधळेल, पटासकट. पुढे पिक्चरभर तो तेच करतो.

रच्याकने (जाता जाता), हा पिक्चर तेव्हा पडला होता. दोनच आठवडे आधी ‘ई.टी.’ लागलेला. लोकांना त्या उन्हाळ्यात गोड परग्रहवासी हवा होता.

काकडी_कोशिंबीर | रविवार, दुपारी ३.३०

मला त्यातलं ते चिकट चिकट बघवत नाही बाई. ‘तुंबाड’ धरायचा का यात?

पिस्टन | रविवार, दुपारी ३.३४

सायन्स कुठे आहे त्यात ताई? हस्तर धरला तर उद्या कुणी वेताळ आणेल. अवांतर!

रबाळे_नाइटशिफ्ट | रविवार, रात्री ११.४७

वाचनमात्र असतो, आज राहवलं नाही. मोठा प्रतिसाद आहे, सांभाळून घ्या.

मी एमआयडीसीत सेफ्टीला आहे, अठरा वर्षं झाली. ‘एलियन’मध्ये तुम्ही सगळे छातीतून फुटणाऱ्या पिल्लाबद्दल बोलताय. माझ्यासाठी पिक्चर त्याच्या बराच आधी एका दाराशी घडतो. केनच्या तोंडाला तो प्राणी चिकटलाय. कॅप्टन डॅलस आणि लँबर्ट त्याला उचलून यानाच्या दाराशी आलेत. आत रिप्ली आहे, कॅप्टन बाहेर असल्यामुळे निर्णय तिचा. ती म्हणते, नियमाप्रमाणे चोवीस तास वेगळं ठेवायला हवं, दार उघडणार नाही. बाहेरून कॅप्टन हुकूम देतोय, माणूस मरतोय म्हणून ओरडतोय. ती नाही म्हणते. दार यानावरचा शास्त्रज्ञ अ‍ॅश उघडतो.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ती बाई निर्दय वाटली होती. तेव्हा मी कॉलेजात होतो.

नोकरी लागल्यावर तिसऱ्या वर्षी, एका कारखान्यात (नाव विचारू नका), टाकी साफ करायला ठेकेदाराचा माणूस उतरला. परमिट होतं, गॅस टेस्ट सकाळची होती, जेवणानंतर परत केलेली नव्हती. तो आत कोसळला. वर तोंडाशी दोघे. एक त्याचा गाववाला, तो तसाच आत उडी घ्यायला निघाला. दुसरा आमचा होल वॉचर, म्हणजे टाकीच्या तोंडाशी पहाऱ्याला ठेवलेला माणूस, पन्नाशीचा, फारसा कुणाशी न बोलणारा. त्याने गाववाल्याचा पट्टा मागून धरला आणि सोडला नाही. गाववाला त्याला लाथा मारतोय, शिव्या देतोय, चावलासुद्धा. हा धरून बसला. श्वसनसंच घातलेली माणसं येईपर्यंत किती वेळ गेला ते रजिस्टरला आहे, सहा मिनिटं. मला विचाराल तर तास गेला. आतला माणूस वाचला.

बंद टाकीत वाचवायला म्हणून उतरलेलेच पुष्कळदा जातात, एकामागे एक. आमच्या प्रशिक्षणात हे पहिल्या दिवशी सांगतात. गाववाला उतरला असता तर दोन देह काढावे लागले असते. सगळ्यांना हे ठाऊक. तरी त्यानंतर कितीतरी महिने त्या होल वॉचरच्या टेबलावर कुणी डबा उघडत नव्हतं. तोही बिचारा नळाजवळ उभा राहून खायचा.

हे बघितल्यावर मी ‘एलियन’ परत पाहिला. दार उघडून सगळे आत आल्यावर लँबर्ट रिप्लीच्या थोबाडीत मारते, तो प्रसंग २००३ च्या डायरेक्टर्स कटमध्ये आहे. मला डबाच आठवला.

मुद्दा धाग्याचा: दार उघडू न देणं ही अ‍ॅक्शन की कॅरेक्टर? मला फरक सांगता येत नाही.

तळ्याकाठचा | सोमवार, सकाळी ७.५५

लोकलमधून वाचलं. ऐरोली आली तरी डोकं वर केलं नाही. धन्यवाद म्हणणं कमी पडेल.

दुसरी_घंटा | सोमवार, सकाळी ९.१०

नळाजवळ उभा राहून खायचा. याच्यापुढे संवाद लिहू नये.

पिस्टन | सोमवार, सकाळी ९.२६

रबाळेसाहेब, __/\__

आता एक विचारतो, ‘एलियन’च्या आधीची गोष्ट सांगणारा ‘प्रोमेथियस’ पाहिलात का? तुमचं बीपी मोजायचंय.

रबाळे_नाइटशिफ्ट | सोमवार, दुपारी २.२०

२०१२ चा ना? अर्ध्यात उठून पाणी प्यायलो होतो. परक्या ग्रहावर परक्या गुहेत शिरतात आणि मीटर म्हणतो हवा चांगली, म्हणून हेल्मेट काढतात. हवा चांगली हे मान्य. मीटर जंतू मोजतो का? नकाशा काढणारी यंत्रं ज्याच्या हातात तोच भूगर्भवाला रस्ता चुकतो. जीवशास्त्रज्ञ फणा काढलेल्या सापासारख्या प्राण्याला ‘ये ये’ करून हात लावायला जातो. आमच्याकडे असा माणूस गेटवरच्या इंडक्शनमध्ये नापास होईल.

आणि गंमत बघा. त्या पिक्चरमध्येही दार आहे. संसर्ग झालेल्या हॉलोवे या शास्त्रज्ञाला यानात घ्यायला कंपनीची बाई व्हिकर्स नकार देते. नियम पाळणारी ती एकटी. १९७९ मध्ये हेच करणारी बाई नायिका होती, इथे तिला थंड, खडूस, मालकीणबाई करून टाकलंय. माणसं पुरती उभी नसली की असं होतं, कुणाच्या वागण्याला काही आगापिछा राहत नाही. नुसतं पुढच्या प्रसंगाला प्रेत हवंय म्हणून माणूस मूर्खपणा करतो. मला या पिक्चरमध्ये धावपळ कमी पडली नाही, पण एकाही माणसासाठी भीती वाटली नाही.

दीडपट | सोमवार, सायंकाळी ६.०३

नमस्कार. मी तो भाचा. मामाने लिंक पाठवली, आयडी आत्ताच काढला. मराठी टायपिंग स्लो आहे, चुका काढू नका.

१. मी मोबाइलवर नव्हतो. वेग वाढवला कारण लक्ष होतं. लक्ष नसतं तर तसंच चालू ठेवून रील बघितले असते. हे मामाच्या पिढीला समजत नाही.

२. रबाळे काकांची गोष्ट मी आईला वाचून दाखवली. पण काका, तुम्ही त्या होल वॉचरबद्दल आधी काय सांगितलं? ‘पन्नाशीचा, फारसा न बोलणारा.’ चार शब्द. आणि थेट टाकी. तरी आम्हाला तो कळला. मग पिक्चरला पाऊण तास का लागतो?

३. ‘ट्रेन टू बुसान’, २०१६. झॉम्बी, पण कारण बायोटेक कंपनीतली गळती, म्हणजे सायन्स आहे. बाप फंड मॅनेजर. मुलीला वाढदिवसाला गेमचा बॉक्स देतो, ती दुसरीकडे बघते. तिथे तोच बॉक्स आधीच पडलाय, त्यानेच बालदिनाला दिलेला. बापाला आठवतच नाही. अर्धं मिनिट. पुढे ट्रेन सुटते आणि श्वास घ्यायला वेळ नाही. त्यातही दार आहे बघा. मागून जीव वाचवून आलेल्यांना पुढच्या डब्यातले लोक दार उघडत नाहीत.

४. ‘एलियन: रोम्युलस’, २०२४. रेन या मुलीचे कंपनीच्या कामाचे १२ हजार तास भरलेत, सुटायला जाते तर खिडकीवरची बाई कोटा २४ हजार करून देते. एका मिनिटात मला तिची बाजू पटली. आणि अ‍ॅन्डी. आधी बावळट विनोद सांगणारा, रेनला जपणारा यंत्रमानव. त्याच्यात कंपनीची चिप बसते आणि नंतर त्यांच्यातली के नावाची मुलगी बाहेर अडकलेली असताना तो दार उघडत नाही. तोच अ‍ॅन्डी. मला सगळ्यात भीती तिथे वाटली, प्राण्यापेक्षा जास्त.

म्हणजे कॅरेक्टर पाहिजेच, मामा. वेळ नको.

तळ्याकाठचा | सोमवार, सायंकाळी ६.३०

आयडीचं नाव वाचून हसलो. फिजिक्सचं जर्नल पूर्ण केलंस का?

उत्तर देतो. रिप्लीची ओळख पाऊण तास चालत नाही रे, तिथे सातही जणांची ओळख चालते. पहिल्यांदा बघताना नायिका कोण हेच कळत नाही. मूळ पटकथेत तर सगळी पात्रं स्त्री-पुरुष कुणीही चालतील अशी लिहिली होती. दाराशी उभी राहते ती तेव्हा सातातली एक असते, आपण कॅप्टनच्याच बाजूने असतो. तुझ्या बुसानच्या पिक्चरमध्ये बाप नायक आहे हे पहिल्या क्षणापासून ठरलेलं. त्याला अर्धं मिनिट पुरतं. सातांपैकी कोण उरणार हे लपवायचं असेल तर सगळ्यांना सारखा वेळ द्यावा लागतो.

दीडपट | सोमवार, सायंकाळी ६.४१

हे मला शनिवारी का नाही सांगितलं?

जर्नल उद्या.

दुसरी_घंटा | सोमवार, रात्री १२.१५

प्रयोग संपवून आलो. दोघांनाही गुण. फक्त एक: ‘द थिंग’मध्येही दार आहे. मॅकरेडी बाहेर वादळात, आतले वाद घालतात की त्याला घ्यायचं की नाही, कारण तो अजून तोच आहे का हे कुणालाच माहीत नाही. आणि आपल्यालाही माहीत नाही! इथे कारपेंटर त्याची आई-बायको न सांगून जिंकतो. माहिती असती तर आपण बिनधास्त त्याची बाजू घेतली असती.

पिस्टन | मंगळवार, सकाळी ८.३५

दाराचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ठाण्याला सकाळी दारात लटकणारी गँग आणि आत ‘पुढे सरका, आत जागा आहे’ ओरडणारे. बाहेर असताना मी ‘आत घ्या’वाला. आत शिरलो की पुढच्या स्टेशनपर्यंत मीच ‘जागा नाही’वाला. पंधरा सेकंदांत. करा आता याचं कॅरेक्टर डेव्हलपमेंट.

रबाळे_नाइटशिफ्ट | मंगळवार, सकाळी ८.५०

हाहा. मंजूर.

सांजवात_४५ | मंगळवार, दुपारी ४.०५

सगळीकडे दारं शोधू नका, एवढंच म्हणायला आले.

क्रोनेनबर्गचा ‘द फ्लाय’, १९८६. जेमतेम तीन माणसं, शंभर मिनिटांच्या आत संपतो. पळापळ जवळजवळ नाही, नियम मोडणारं दुसरं कुणी नाही. एक हुशार, बडबड्या माणूस स्वतःवर प्रयोग करतो, यंत्रात एक माशी शिरलेली असते, आणि तो दिवसागणिक बदलत जातो. अंगाचे गळून पडलेले अवयव तो बाथरूमच्या कपाटात जपून ठेवतो. त्यावरही विनोद करतो.

माझे सासरे शेवटच्या वर्षी आमच्याकडे होते, कोपरखैरण्याला. कवळी, कानाचं यंत्र, चष्मा, नंतर नंतर काढून ठेवलेली अंगठी, सगळं एका स्टीलच्या डब्यात ठेवायचे आणि आल्यागेल्याला म्हणायचे, “हा डबा म्हणजे मी, बाकीचं भाड्याने.” पिक्चर मी नंतर पाहिला. कपाट उघडलं तेव्हा मी उठून गेले, किळस आली म्हणून नाही. त्या बाईचा चेहरा बघवेना, जी त्याला अजून ओळखते.

याला दीडपट वेग लावून बघ रे बाळा. लागतो का सांग.

दीडपट | मंगळवार, रात्री ९.२०

काकू, बघतो. वन एक्सला.

काकडी_कोशिंबीर | मंगळवार, रात्री ९.३३

मी पण बघेन म्हणते. डोळ्यावर हात ठेवून.

तळ्याकाठचा | मंगळवार, रात्री १०.००

एक सुचवतो. आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसला प्रोजेक्टर आहे, सेक्रेटरीला पटवलंय (गणपतीत लाइटिंग मी केलं होतं, ते कामी आलं). येत्या शनिवारी रात्री दहाला ‘द थिंग’. माजिवड्याला उतरून फोन करा. नवी मुंबईकरांनी शनिवारी रात्रीच परतायचं बघा, रविवारी ट्रान्सहार्बरला मेगाब्लॉक असला तर माझ्या नावाने बोटं मोडू नका.

पिस्टन | मंगळवार, रात्री १०.०४

मिसळ मी आणतो. तर्री वेगळी.

रबाळे_नाइटशिफ्ट | मंगळवार, रात्री १०.३१

शनिवारी सेकंड शिफ्ट आहे, अकराच्या पुढे पोचेन. रक्ताची परीक्षा (कोण माणूस आणि कोण तो प्राणी हे ठरवणारी) सुरू झाली असेल तर थांबवू नका, मी मागून गुपचूप येईन.

दुसरी_घंटा | मंगळवार, रात्री ११.५८

अकरानंतर कुणी गुपचूप मागून आला तर दार उघडायचं की नाही, आत्ताच ठरवून घ्या.

दीडपट | बुधवार, सकाळी ७.१२

आधी रक्त तपासू. रक्तात बुडवायची तार मी तापवतो. आईला विचारलंय, जर्नल दाखवलं तर सोडेल.